चार नंबरचा बिल्ला

विश्वास ठेवा असं मी कुणालाच म्हणत नाही. आम्ही सहा जण होतो. सहाही जण आज धडधाकट आहोत, आणि वेगवेगळं बसवून विचारलंत तरी सहाही जण हेच सांगतील. ज्याला भास म्हणायचाय त्याने खुशाल म्हणावा. फक्त एकदा आमच्या होडीत बसून यावं.

तीन वर्षं झाली. गुरुवार होता. संध्याकाळचे पावणेसहा.

बेटावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी फळीसमोर उभी होते. आणि फळीवरचा एक खिळा रिकामा होता...

चौथा.

आधी ही फळी काय प्रकरण आहे ते सांगते.

आमचा गट छोटा. पगारी कुणी नाही. होडीवाले काका, निवृत्त झालेले मास्तर, वायरमन, बेकरीवाल्या दोघी बहिणी आणि मी. मी कपडे शिवते. सुट्टी मिळेल तेव्हा बेटावर जायचं, किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलायचं आणि उत्तर टोकाला वाळूत अंडी घालणाऱ्या सुरय पक्ष्यांवर लक्ष ठेवायचं, हे आमचं काम. अंडी उघड्या वाळूत असतात आणि दिसतात अगदी खड्यांसारखी. पाय चुकला की संपलं. म्हणून प्रत्येक घरट्याशेजारी आम्ही चुन्याने रंगवलेली नंबराची काठी रोवतो.

हा गट माझ्या मावशीने उभा केला. ती नर्स होती. गुडघा दुखायचा, एक पाय ओढत चालायची, पण बेटावर तिच्यापुढे कुणाची चालायची नाही. फळी तिचीच कल्पना. फळीवर सात खिळे, सात पितळी बिल्ले. बेटावर पाय ठेवला की आपापल्या नंबराचा बिल्ला गळ्यात घालायचा. निघताना परत खिळ्याला अडकवायचा.

फळी भरल्याशिवाय होडी सोडायची नाही. नियम एवढाच.

आमचे रेनकोट मीच शिवलेत, धातूची बटणं लावून. चालताना बिल्ला बटणावर आपटतो. टिक, टिक, टिक. मास्तर म्हणायचे, "बाई, तू आमचं गुरांचं खिल्लार करून टाकलंस." पण धुक्यात त्या आवाजाचा फार आधार वाटतो.

मावशीचा आवाज वेगळा यायचा. पायामुळे.

टिक... टिकटिक. टिक... टिकटिक.

आता जे सांगायला जीभ रेटत नाही, ते सांगते.

त्या गुरुवारच्या दोन वर्षं आधी, अशाच एका संध्याकाळी, मावशीच्या बिल्ल्याची दोरी तुटली. तिने बिल्ला शेडमधल्या टेबलावर थर्मासजवळ ठेवला आणि राहिलेल्या काठ्या रोवायला ती परत उत्तरेला गेली. मी आत आले. बिल्ला दिसला. म्हटलं, ही बया नेहमीच्या घाईत अडकवायला विसरली.

आणि मी तो अडकवला.

फळी भरली. पाऊस कोसळत होता, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या ओढलेल्या. त्या दिवशी होड्याही दोन होत्या. या होडीला वाटलं ती त्या होडीत आहे, त्या होडीला वाटलं ती या होडीत. पलीकडे उतरलो तेव्हा कळलं. तोवर समुद्र खवळला होता. रात्रभर एकही होडी जाऊ शकली नाही.

सकाळी ती उत्तर टोकाला सापडली. भरतीचं पाणी तिच्यावरून जाऊन आलं होतं. मुठीत नंबराची काठी होती.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

चार नंबरचा बिल्ला मी नव्या हिरव्या दोरीत ओवला आणि फळीवर परत लावला. त्यानंतर दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.

आणि त्या गुरुवारी तो जागेवर नव्हता...

"खाली पडला असेल," थोरली बेकरीवाली म्हणाली.

आम्ही शेड पिंजून काढली. टेबलाखाली, दोरखंडांच्या वेटोळ्यात, चुन्याच्या डब्यामागे. खिसे उलटे केले. काही नाही.

"कावळ्याने नेला," वायरमन म्हणाला.

"दाराला कुलूप होतं. तुझा कावळा किल्लीने येतो काय?" मास्तरांनी त्याला गप्प केलं.

काका दारातून ओरडले, "आवरा! पंधरा मिनिटांचं पाणी उरलंय. ओहोटी लागली की होडी चिखलात बसेल, मग सकाळपर्यंत इथेच!"

"काका, फळी भरलेली नाही," मी म्हणाले.

"अगं, माणसं सहा आहेत आणि सहाही समोर आहेत. मोजून घे."

"माणसं मोजायची नाहीत, फळी बघायची. नियम तोच आहे ना?"

"ती आता नाहीये गं, बाळा," काका हळू आवाजात म्हणाले.

माझं डोकं भडकलं. नाकावर राग ही आमच्या घराण्याचीच खूण. मी माझा तीन नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढला आणि परत गळ्यात घातला.

"एकदा मी फळी भरून मोकळी झाले होते," मी म्हणाले. "पुन्हा नाही. तुम्ही जा. मी थांबते."

बाहेर धुकं दाटत होतं.

मग काका होडीकडे गेले. मला वाटलं, निघाले. पण इंजिनाचा आवाज आला नाही. ते परत आले, एक नंबरचा बिल्ला गळ्यात अडकवला आणि स्टुलावर बसले.

"त्या दिवशी होडी मी सोडली होती," ते म्हणाले. "तुझ्या एकटीच्या डोक्यावर ते ओझं नाहीये."

एकेक करून सगळ्यांनी बिल्ले घातले. धाकटी बेकरीवाली रडत होती, पण तिनेही घातला.

पाणी उतरलं. होडी चिखलात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सरकारी तपासणी होती, हे सांगायचं राहिलंच. बेटावर शंभराहून जास्त नांदती घरटी सापडली, तर बेट राखीव होणार होतं. कमी भरली, तर हॉटेलवाल्यांना धक्का बांधायची परवानगी. आम्ही त्याच दिवशी मोजली होती. एकशे तेरा. पाच वर्षांचं काम, आणि मावशीचा जीव, त्या एकशे तेरा काठ्यांवर टांगलेला होता.

साधारण सव्वासहाला मास्तरांनी मान वर केली.

"ऐका," ते म्हणाले.

आम्ही कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं...

तेच तर भयंकर होतं. शेकडो पक्ष्यांची ती वसाहत. दिवस मावळेपर्यंत त्यांचा कलकलाट चालू असतो, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. आणि आता एकही पक्षी ओरडत नव्हता.

लाटाही ऐकू येईनात.

आणि मग, शेडच्या मागच्या बाजूने, अगदी जवळून...

टिक... टिकटिक.

वायरमनच्या हातातला कप खाली पडला.

टिक... टिकटिक. टिक... टिकटिक.

आवाज शेडला वळसा घालून दारासमोर आला. थांबला. दार उघडंच होतं. बाहेर पांढरं धुकं. दुसरं काही नाही.

मग आवाज उत्तरेकडे निघाला.

मी उठले. भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत होतं. दोन वर्षं मी त्या आवाजाची वाट पाहत होते, आणि आज त्याला एकटं जाऊ देणार नव्हते.

"रांग करा," मी म्हणाले.

घरट्यांच्या भागात आम्ही नेहमी रांगेत चालतो. एका आडव्या ओळीत, शेजारी शेजारी, हातभर अंतर सोडून, नंबराप्रमाणे. काका, मास्तर, मी, मग वायरमन आणि दोघी बहिणी. माझ्या आणि वायरमनच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी असते. चार नंबरची. तशी ठेवायची असं कधी ठरलं नाही, पण वायरमन तिथे सरकतच नाही.

आम्ही निघालो. सहा बिल्ले वाजत होते. टिक, टिक, टिक.

अर्ध्या वाटेत सातवा वाजायला लागला.

माझ्या डाव्या हाताला. मोकळ्या जागेत.

मी तिकडे पाहिलं नाही. खरं सांगते, हिंमत झाली नाही. त्या बाजूने गार हवा येत होती, आणि जंतुनाशकाचा वास. मावशीच्या हातांना यायचा तो.

उत्तर टोकाशी पोचलो आणि समोर धुक्यात टॉर्च हलताना दिसले.

तीन माणसं. दोरीला दोन दांडगे कुत्रे. हातात दाताळी आणि पोती. पलीकडे खोल पाण्यात होडी, दिवा न लावलेली. आमची होडी नेहमी सहाला परत जाते हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. बेट रिकामं असणार अशा हिशोबाने ते आले होते. एका रात्रीत एकशे तेरा घरटी साफ करायला.

"कोण आहे रे तिकडे?" पुढचा दचकून ओरडला.

"बेटाची माणसं," मास्तर म्हणाले. वर्गात दम द्यायचे तसे.

"तुम्ही तर सहाला जाता!"

"आज नाही गेलो," मी म्हणाले. "पोती कशाला आणलीस? आणि कुत्रे आवर. एक पाऊल पुढे टाकलंस तर याद राख!"

"ए बाई, बाजूला हो. उगाच हात उचलायला लावू नकोस."

"उचल की. सहा जण साक्षीला आहेत."

तो हसला. त्याने कुत्र्यांची दोरी सैल केली.

कुत्रे हललेच नाहीत. शेपट्या पोटात घालून मागे सरायला लागले. दोघांचीही नजर माझ्या डावीकडे होती...

त्या माणसानेही टॉर्च तिकडे वळवला. आणि त्याचं हसू मावळलं.

"सहा कुठे?" तो पुटपुटला. "सात आहात तुम्ही."

त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"ती मधली बाई... तिला मागे घ्या आधी." त्याचा आवाज चिरकला. "तिच्या अंगातून एवढं पाणी का गळतंय?"

टिक... टिकटिक.

आवाज एक पाऊल पुढे गेला होता. त्याच्या दिशेने.

त्या तिघांची अक्षरशः बोबडी वळली. दाताळी टाकली, पोती टाकली आणि पाण्यात उड्या मारून होडी गाठली. कुत्रे त्यांच्याही आधी चढले होते.

त्यांच्या इंजिनाचा आवाज विरला, आणि सगळे पक्षी एकदम ओरडायला लागले.

मी तेव्हा डावीकडे पाहिलं. वाळूवर ओल होती. माणूस उभा राहील एवढीच.

शेडमध्ये परतलो. काकांनी कंदील वर धरला.

चार नंबरचा बिल्ला खिळ्याला होता. ओला. थेंब जमिनीवर पडत होते.

हिरवी दोरी तीच होती, पण गाठ माझी नव्हती. शिवणकाम करणारीला आपली गाठ कळते. ही सपाट, घट्ट गाठ नर्सची होती. बँडेज बांधतात तशी.

"सुंभ जळला तरी पीळ गेला नाही बघ तिचा," काका म्हणाले आणि डोळे पुसत बसले.

सकाळी तपासणीच्या मॅडम आल्या. घरटी भरली एकशे तेरा. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. बेट राखीव झालं. हॉटेलवाले अजून धमक्या देतात, नोटिसा पाठवतात. पाठवू देत. त्या नोटिसांच्या मागच्या बाजूवर मी कपड्यांची मापं लिहिते.

सगळे म्हणतात, ती घरट्यांसाठी आली होती.

मला तशी खात्री नाही. तिचा बिल्ला मी अडकवला होता. ती पुढे गेली ती माझ्या बाजूने चालत. मधूनमधून वाटतं, ती घरटी राखायला आली नव्हती. मी या वेळी थांबते की नाही, ते बघायला आली होती.

आणि मागच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली.

ऑर्डर होती म्हणून मी बेटावर गेले नव्हते. दिवसभर घरी मशीनवर होते. संध्याकाळी काकांचा फोन आला. धुक्यामुळे आवाज तुटत होता.

"तू बेटावर आलीयेस का?"

"नाही. का?"



"चार नंबरचा बिल्ला फळीवर नाहीये," ते म्हणाले. "आणि... तुझाही नाहीये. उत्तरेकडून दोघींचा आवाज येतोय."

मी कात्री खाली ठेवली.

"काका, थांबा," मी म्हणाले. "फळी भरल्याशिवाय होडी सोडू नका."

ते थांबले. तासाभराने दोन्ही बिल्ले खिळ्यांना होते. दोन्ही ओले.

माझ्या बिल्ल्याची गाठही आता सपाट आहे म्हणे.

घरचे म्हणतात, बेटाचं नाव काढू नकोस. भीती वाटते का? वाटते. झोप लागत नाही. पण अंडी घालायचे दिवस सुरू झालेत, आणि मी घाबरून घरी बसले तर हॉटेलवाल्यांना तेवढंच हवंय.

येत्या रविवारी मी जाणार आहे. ती गाठ सोडून माझी गाठ मारणार आहे. माझा बिल्ला मी माझ्या हाताने काढीन आणि निघताना माझ्याच हाताने अडकवीन.

माझ्या वतीने तो दुसऱ्या कुणी अडकवायचा नाही.

मावशी असली तरी.