किटलीवरचं नाव

जुनी चांदी हातात आली की शेफील्डचा कारागीर आधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो. घासून काढलेलं नाव त्या वाफेत क्षणभर दिसतं नि विरतं. विल्फ्रेड स्टॅनिफर्थचा जन्म चांदीवर नावं कोरण्यात गेला होता, त्याला त्याचं नवल नव्हतं. पण या किटलीवरचं 'अ‍ॅग्नेस' हे नाव काही केल्या जाईना.

लिलावात घेतलेली ती किटली उद्या लेकीला, हिल्डाला, लग्नात द्यायची होती. तिच्यावर हिल्डाचंच नाव हवं, आधीच्या बाईचा मागमूस नको, हा त्याचा हट्ट. त्याने दगडाने घासलं, तांबड्या भुकटीने चकाकी आणली, वाफ सोडली. अ‍ॅग्नेस. पुन्हा घासलं. अ‍ॅग्नेस, आणि आधीपेक्षा ठळक. त्याचं डोकं फिरायची वेळ आली.

"पुरे आता," त्याची बायको नेली म्हणाली. "अंगठा लावून बघ, पत्रा पापडासारखा झालाय. भोक पाडलंस तर पोरीने चहा काय चाळणीतून द्यायचा?"

"लेकीच्या किटलीवर परकी बाई ठाण मांडून बसलीय, आणि तुला थट्टा सुचतेय."

"अरे, चहाला आलेलं कोण किटलीवर वाफ सोडत बसणार आहे? कोर नाव आणि मोकळा हो."

वर हिल्डा लग्नाचा झगा शिवत होती. शिवणयंत्राची खडखड खाली ऐकू येत होती. विल्फ्रेडने चरफडत कोरणी उचलली आणि अगदी हलक्या हाताने लेकीचं नाव कोरलं. छान उतरलं. तो जरा निवला. किटली टेबलावर ठेवून दोघं मागे सरले.

किटली रिकामी होती, थंड होती. तरी तिच्यावर वाफ धरली.

"तू सोडलीस?" नेलीने विचारलं.

"मी इथे तुझ्याजवळ उभा आहे ना."

वाफ पसरली, ओसरली, पुन्हा पसरली. कुणीतरी तोंड अगदी जवळ नेऊन श्वास घेत असावं तशी. मग विरली.

चांदीवर 'अ‍ॅग्नेस' खोल कोरलेलं होतं. हिल्डाचं एक अक्षर नव्हतं.

विल्फ्रेडने अंगठा दाबला. पत्रा चांगला जाड लागला.

"वाफ सोडून बघ ना," नेली कशीबशी म्हणाली.

त्याने वाकून वाफ सोडली. अ‍ॅग्नेसच्या खाली पुसट अक्षरं उमटली. हिल्डा. क्षणभर दिसली, विरली.

नेलीने जिन्याकडे तोंड करून लेकीला हाक मारली. शिवणयंत्र कधीचं थांबलं होतं.