गुरुवारचे नकाशे

"पोरगी चोर आहे. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या," एवढंच सांगून मधुकररावांनी फोन ठेवला. दुपारी बाराला चारुशीला त्यांच्या ऑफिसात येऊन थडकली. नागपुरातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं दुरुस्त करणं हा तिचा धंदा, चोर पकडणं नव्हे. तसं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मधुकररावांचं काम जमिनीच्या नकाशांचं. पारशिवनीकडचे लोक जुने नकाशे आणत, ऑफिसातली अस्मिता ते स्कॅन करून सर्व्हरवर टाकी आणि मूळ कागद परत करी. दसऱ्यानंतरच्या तीन गुरुवारांचे सकाळचे नकाशे गायब होते. मधुकररावांच्या मते पोरीनं ते बिल्डरला विकून इथून पुसले. आज सकाळी तिला कामावरून काढल्याचं पत्र त्यांनी स्वतः स्कॅन केलं, तर तेही नाहीसं झालं. संध्याकाळी ते पोलिसांत जाणार होते.

खापरखेड्याहून रोज बसनं येणारी अस्मिता रडून रडून थकली होती. "ताई, मी काहीच पुसलं नाही. मशीन तर 'सर्व्हरवर गेलं' म्हणते."

स्कॅनर खरंच तसं म्हणत होता. त्याच्या नोंदीत पत्र दहा वीसला पोचलं होतं. सर्व्हरवर मात्र ते पुसल्याची नोंद नव्हती, अन् आल्याचीही नव्हती. जे आलंच नाही ते पोरगी पुसेल कशी? चारुशीलाला मधुकररावांचा मनस्वी राग आला.

बाकीच्या दिवशी सारं ठीक चालतं, असं दोघांनीही सांगितलं. मधुकररावांनी साखरफुटाणे पुढे केले, गुरुवारचा प्रसाद. कोपऱ्यात दत्ताच्या तसबिरीजवळ एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या बटणावर ताजं कुंकू होतं.

"हा काहून इथं?"

"आमचा पहिला सर्व्हर. नवा आणला, पण याले भंगारात टाकवलं नाही. दसऱ्याले पुजला अन् इथंच बसवला. गुरुवारची आरती यावरच लावतो."

"किती वाजता?"

"दहाले. अकराले बंद करतो."

चारुशीला वाकली. तसबिरीमागून नेटवर्कची एक निळी वायर भिंतीत गेली होती. ती तिनं दोघांना दाखवली.

"नवा सर्व्हर बसवणाऱ्यानं जुन्याचाच नेटवर्कचा पत्ता नव्याले दिला, म्हणजे कोणाले काही बदलावं लागू नये. जुना आता बंदच राहील, असं त्यानं धरलं. तुम्ही त्याले देवाजवळ बसवलं, पण वायर काढली नाही. गुरुवारी दहाले एकाच पत्त्यावर दोन घरं उघडतात अन् स्कॅनरचं सारं जुन्या घरात जाते. अकराले तुम्ही त्याले कुलूप लावता. नकाशे तुम्हीच लपवून राहिले, साहेब."

तिनं बटण दाबलं. जुन्या पडद्यावर तिन्ही गुरुवारचे नकाशे होते, एकही कमी नव्हता. सगळ्यात शेवटी ते पत्र होतं.

मधुकररावांनी पत्राकडे बोट दाखवलं. पुसून टाका ते, असं कसंबसं पुटपुटले.

अस्मितानं पत्र पुरतं वाचलं. 'चोरी' हा शब्द त्यात दोनदा होता. तिनं टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"आता दुसरं लिहा, साहेब. सही करा. स्कॅन मी करीन."