तीन बेचाळीसच्या गाडीचं इंजिन

ब्रॅकनशॉ स्टेशनात तीन बेचाळीसची पॅसेंजर आलीच नाही.

गेल्या बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. फलाटावरचे सदतीस उतारू, सगळे नखाएवढे आणि सगळे शिशाचे, डोळे न मिटता वाट बघत राहिले. तिथे १९५५ सालच्या ऑगस्टमधला शनिवार होता. लख्ख ऊन होतं. बावीस वर्षं तोच शनिवार आणि तेच ऊन.

बाहेर नोव्हेंबर होता. यॉर्कशरच्या त्या गावातल्या चॅपलच्या हॉलमध्ये हीटर खोकत होता आणि काचांवर पावसाचे ओघळ उतरत होते.

स्टेशनच्या टेबलापाशी खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबचे सेक्रेटरी क्लेमंट सटक्लिफ घंटीकडे कान लावून उभे होते. पलीकडच्या यार्डातून आधी घंटी यायला हवी, मग गाडी. यार्ड म्हणजे पंधरा फुटांवरचं, पडद्याआडचं टेबल. मधे प्लास्टरचा डोंगर आणि त्यातून बोगदा. खऱ्या रेल्वेत सिग्नल-केबिनवाले एकमेकांशी घंटीवरच बोलायचे, म्हणून इथेही गाड्या चालू असताना तोंडाने बोलायला मनाई होती. क्लेमंट आणि वॉल्टर मूरहाऊस बावीस वर्षं एकमेकांशी घंटीवर बोलत होते. वॉल्टरला मुलं किती हे क्लेमंटना माहीत नव्हतं. आता यार्डात नवा सभासद नेव्हिल बसायचा आणि वॉल्टर गाड्या चालवायचा.

पडद्याआडून घंटी आली नाही. माणसाचा आवाज आला.

"अहो... इंजिन नाहीये."

"नेव्हिल!" क्लेमंट ओरडले. "गाड्या चालू असताना बोलायचं नाही!"

"हो, पण गाडी चालायला इंजिन लागतं ना!"

सगळे पडद्यामागे धावले. सगळे म्हणजे तिघे. क्लेमंट, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधलेला वॉल्टर, आणि किटली हातात घेऊन डॉरीन हार्ग्रीव्ह.

यार्डात तीन लाल डबे रुळावर जागच्या जागी उभे होते. भिंतीकडच्या टोकाला मोहरीएवढा लाल दिवा अडकवलेला. इंजिनाची जागा रिकामी.

डॉरीनने किटली खाली ठेवली. ते इंजिन तिच्या नवऱ्याने, स्टॅनलीने, सहा हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बनवलेलं. तळहाताएवढं, काळं, पितळी घुमटाचं. स्टॅनलीला जाऊन दोन वर्षं झाली होती. दर शनिवारी डॉरीन इथे चहा करायला यायची. इंजिन चार फेऱ्या मारायचं, ती चार वेळा बघायची आणि घरी जायची.

"शेवटचं कोणी बघितलं?" तिने विचारलं.

"मीच," नेव्हिल म्हणाला. पन्नाशीचा, थोराड, गोंधळलेला माणूस. गावात येऊन चार महिने झालेले, क्लबात येऊन तीन. "चहाच्या सुट्टीआधी गाडी आत घेतली, आणि चहाला आलो."

"यार्ड तुझ्या ताब्यात होतं," वॉल्टर म्हणाला. सहज बोलून गेला.

क्लेमंटनी घसा साफ केला. "नियम चौदा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. नियम त्यांनीच लिहिला होता. सभासदाच्या ताब्यातली वस्तू हरवली, तर पुढच्या शनिवारी कमिटीने त्याला काढायचं की ठेवायचं ते ठरवायचं. कमिटीत दोन माणसं होती, क्लेमंट आणि वॉल्टर.

"म्हणजे मी चोर?" नेव्हिल म्हणाला.

हीटर तेवढा खोकला.

डॉरीन एकतीस वर्षं खऱ्या रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसली होती. छत्र्या, कवळ्या, एकदा तर जिवंत बोकड. सामान आपण होऊन कुठे जात नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी कुठेतरी ठेवलेलं असतं.

"शनिवारपर्यंत कोणी कोणाला काढायचं नाही," ती म्हणाली. "इंजिन माझं आहे, तेव्हा शोधणार मी. प्रत्येकाच्या घरी येणार. विचारणार आणि झडतीही घेणार."

"घरी?" वॉल्टर दचकला.

त्याचं दचकणं बरोबरच होतं. बावीस वर्षांत यांतलं कोणी कोणाच्या घरी गेलं नव्हतं.

"घरी," क्लेमंट म्हणाले. "उत्तम. माझं घर चार वाजल्यापासून उघडं असतं."

सोमवारी ती वॉल्टरकडे गेली.

"ये पोरी," वॉल्टर म्हणाला. पोरगी एकाहत्तर वर्षांची होती. "पायपुसण्यावर मांजर आहे, बघून ये. मी सकाळपासून दोनदा तुडवलं तिला."

त्याने चहा ओतला. अर्धा कपात, बाकीचा टेबलक्लॉथवर.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना रे?"

"उत्तम झालंय म्हणे. पट्टी काढली की दिसेल. दुसरा डोळा तर आधीपासूनच शोभेचा आहे."

"मग गाड्या कशा चालवतोस?"

"कानाने. डबे रुळांच्या सांध्यावरून खटखटतात ते मोजतो." तो हळू आवाजात म्हणाला, "क्लेमंटला सांगू नकोस. महिनाभर सिग्नलसुद्धा दिसला नाहीये मला."

"सुट्टीत कुठे होतास?"

"संडासात. येताना झाडूच्या कपाटात शिरलो. तू नाही का बाहेर काढलंस?"

हे खरं होतं. काढलं होतं.

"चहाच्या सुट्टीत पडद्याकडे कोणी गेलं?"

"कोणी नाही. क्लेमंट गेला असेल मेन स्विच बंद करायला, नेहमीसारखा. तो काय मोजायचा?" वॉल्टरने बिस्किट समजून कपाखालचा कोस्टर उचलला आणि परत ठेवला. "त्या पोराबद्दल मी बोलायला नको होतं, डॉरीन. तोंडातून गेलं."

रात्रीचं जेवण चालू असताना फोन वाजला.

"मी सटक्लिफ. उद्या माझी पाळी का?"

"उद्या नेव्हिल."

"अच्छा. परवा?"

"तुमच्यावर कोणाचा संशय नाहीये, क्लेमंट."

"असं कसं चालेल, मिसेस हार्ग्रीव्ह? झडती म्हणजे सगळ्यांची. एकदा वरवर तरी घ्या."

नेव्हिल मासे-बटाटे तळणाऱ्या दुकानाच्या वर, एका खोलीत राहायचा. सगळ्याला तेलाचा वास. टेबलाला एकच खुर्ची लावलेली.

"तुम्ही कपात घ्या," तो म्हणाला. "मी बरणीत घेतो. कप एकच आहे."

झडतीला दोन मिनिटं लागली. पलंगाखाली आईच्या चपलांचे जोड होते, नीट ओळीने. आई आठ महिन्यांपूर्वी गेलेली.

"काढतील ना मला?"

"दुसरीकडे कुठे क्लब नाही का?"

"क्लबचं नाही हो." तो बरणीतल्या चहाकडे बघत राहिला. "मी टायरच्या गोदामात काम करतो. तिथे मशीनचा आवाज असतो, कोणी बोलत नाही. शनिवारी सटक्लिफसाहेब ओरडतात माझ्यावर. बाकी सहा दिवस कोणी ओरडतसुद्धा नाही."

डॉरीनने कप खाली ठेवला.

"त्या दिवशी का ओरडत होते? मी भांडी घासत होते, नीट ऐकलं नाही."

"दिव्यावरून. शेवटच्या डब्याला लाल दिवा हवा. दिवा दिसला नाही तर मागे काही डबे तुटून राहिलेत असं समजायचं आणि सगळ्या गाड्या थांबवायच्या. ते कळतं मला. पण गाडी यार्डातून परत निघताना उलटी फिरते, शेपटाचं टोक बदलतं, मग दिवा चिमट्याने काढून दुसऱ्या टोकाला लावायचा. ते मी दर वेळी विसरतो. त्या दिवशी दोनदा विसरलो."

"म्हणजे गाडी आत येते तेव्हा दिवा बोगद्याकडे."

"हो."

"आणि निघताना भिंतीकडे. तीन बेचाळीसच्या गाडीचा दिवा तू हलवलास?"

नेव्हिलचा चेहरा पडला. "अरे देवा. तिसऱ्यांदा विसरलो का?"

डॉरीनने उठून कोट घातला आणि विचारलं, "शुक्रवारी चार वाजता मोकळा आहेस?"

"मी नेहमीच मोकळा असतो," नेव्हिल म्हणाला.

बुधवारी फोन आला. गुरुवारी दोनदा. दुसऱ्यांदा क्लेमंट म्हणाले, "माझ्याकडे माळासुद्धा आहे. माळ्यावर काहीही लपवता येतं."

शुक्रवारी चार वाजता डॉरीनने त्यांची बेल वाजवली. मागे वॉल्टर नेव्हिलच्या दंडाला धरून उभा.

दार लगेच उघडलं, जणू क्लेमंट दाराला टेकूनच उभे होते. कोट, टाय, चकचकीत बूट. त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"तिघेही?" ते म्हणाले. "या. या ना. पाय पुसा. नाही, नका पुसू, चालेल."

बैठकीत टेबल मांडलेलं होतं. चांगल्या कपबश्या, घडी घातलेले रुमाल, मधोमध आल्याचा केक. केक एकदाही कापलेला नव्हता आणि कडेने पार वाळला होता. कपांवर बारीक धूळ होती.

"कधीपासून मांडलंय?" डॉरीनने विचारलं.

"रविवारपासून." ते सावरले. "म्हणजे, झडतीला माणसं आली की चहा विचारावा लागतो."

"बसा सगळे," डॉरीन म्हणाली. "माझं बोलणं थोडंच आहे. इंजिन ज्याने उचललं त्याने एक चूक केली. म्हणजे चूक केली नाही, तीच चूक झाली."

"कोड्यात बोलू नकोस," वॉल्टर म्हणाला. "मला आधीच काही दिसत नाही."

"नेव्हिलने गाडी आत आणली तेव्हा दिवा बोगद्याच्या बाजूला होता. त्याने तो हलवला नाही, नेहमीसारखा विसरला. पण आम्ही धावत गेलो तेव्हा दिवा भिंतीच्या बाजूला होता. मी डोळ्यांनी पाहिला. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी तिथे गेलं, इंजिन खिशात घातलं, आणि निघताना त्याला दिसलं की दिवा चुकीच्या टोकाला आहे." ती थांबली. "आता चोराने काय करावं? पळावं. याने चिमटा घेतला, मोहरीएवढा दिवा उचलून बरोबर टोकाला लावला, आणि मगच गेला. इंजिन नसलेल्या गाडीला! जी गाडी कुठेच जाणार नव्हती!"

वॉल्टर खदखदून हसायला लागला आणि मधेच थांबला.

"नेव्हिलला ते सुचत नाही. वॉल्टरला तो दिवा दिसत नाही, आणि तो झाडूच्या कपाटात होता. पडद्यामागे नेहमी जाणारा माणूस एकच. इतका नेहमीचा की तो गेला असं कोणी मोजतच नाही."

क्लेमंट ताठ बसले होते. त्यांनी रुमालाची घडी उघडली आणि पुन्हा घातली.

"दिवा उलटा ठेवून मला येताच आलं नसतं," ते म्हणाले.

मग ते उठले, ब्रेडचा डबा उघडला आणि इंजिन बाहेर काढलं. फडक्यात गुंडाळलेलं, तेल दिलेलं. डॉरीनने ते दोन्ही हातांत घेतलं.

"ब्रेडच्या डब्यात?" वॉल्टर म्हणाला. "एवढ्या सोप्या जागी?"

"लगेच सापडावं म्हणून. मला वाटलं, सेक्रेटरीची झडती पहिली होईल. रविवारीच याल. चहा होईल, इंजिन सापडेल, मी म्हणेन नजरचुकीने खिशात राहिलं, सगळे हसतील. मला कसं कळणार की माझ्यावर कोणी संशयच घेणार नाही?"

"पण का?" नेव्हिल म्हणाला. "एवढं सगळं का?"

क्लेमंट खिडकीकडे बघत बोलले. "बावीस वर्षं दर शनिवारी पाच वाजता आपण कोट घालतो आणि म्हणतो, बरंय, पुढच्या शनिवारी. या घरात शेवटचा माणूस आला तो मीटर वाचायला. तोही आता बाहेरूनच वाचतो."

"मग बोलवायचं होतं ना रे!" वॉल्टर म्हणाला.

"काय सांगून बोलवायचं? काही कारण नको?"

असं कारण चौघांपैकी कोणालाच कधी सापडलं नव्हतं. बहुतेक त्याचमुळे कोणी त्यांच्याकडे बघेना.

"आणि माझं?" नेव्हिल उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "सहा रात्री मी झोपलो नाही. मलाच वाटायला लागलं की मी उचललं असेल आणि विसरलो असेन, दिव्यासारखं! सोमवारीच फोन करून सांगता आलं असतं तुम्हाला."

"तुम्ही शोधून काढलं असतं तर ठीक होतं," क्लेमंट म्हणाले. "स्वतःहून सांगायचं म्हणजे कारण सांगावं लागतं." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढले. "हा राजीनामा. तीन प्रती. कमिटीने मला काढावं असा ठराव मीच मांडतो. वॉल्टर, अनुमोदन दे."

"नाही देत."

"द्यावंच लागेल. कमिटीत दुसरं कोणी नाही."

"म्हणूनच नाही देत."

"वॉल्टर, हा नियमाचा प्रश्न आहे!"

"मला कागद दिसत नाहीये," वॉल्टर म्हणाला आणि केक चाचपायला लागला. "हा केक आहे की कौल?"

नेव्हिलने कोट चढवला. दारापर्यंत गेला. डॉरीन इंजिन मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं, हा आता परत येणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

"मी चोर नाही हे वहीत लिहा," नेव्हिल म्हणाला. "आज. माझ्यासमोर."

क्लेमंटनी वही आणली आणि लिहिलं. सही केली. नेव्हिलने दोनदा वाचलं.

"उद्या यार्डात मीच बसणार."

"अर्थात."

"आणि बुधवारी तुम्ही माझ्याकडे यायचं. मासे-बटाटे खालून आणतो. येताना स्वतःचा कप आणा. आणि दिव्यावरून आता तुमच्यावर मी ओरडणार, कितीही वेळा." तो कोटाचं बटण लावत म्हणाला, "कारण वगैरे काही नाही."

क्लेमंटनी डायरी काढली. चष्मा लावला. पुढचा आठवडा उघडला, मग पानं उलटत त्याच्या पुढचा, मग परत मागे. डॉरीनच्या खुर्चीतून सगळी पानं दिसत होती. कोरी, एकामागून एक, शनिवारचा रकाना सोडला तर. ती मान वळवून खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिली.

क्लेमंटनी बुधवारच्या पानावर बोट ठेवून बराच वेळ विचार केला.

"बुधवार," ते म्हणाले. "बघू. हो... बुधवार जमवता येईल."