आलेच हं, काकू

अदिती दर मंगळवारी सकाळी स्कूटरवरून हिनकल गावात कुसुमबाईंकडे जायची. म्हैसूरच्या एका खासगी दवाखान्यात ती विसरभोळेपणाच्या आजारावर काम करत होती, आणि कुसुमबाई घराबाहेर पडायला घाबरत. घर शिंप्यांचं. पुढच्या खोलीत सून सहाना मशीनवर ब्लाउज शिवायची, मागच्या अंधाऱ्या खोलीत कुसुमबाई बसलेल्या. मेंदूज्वर झाल्यापासून जुनं सगळं त्यांना लख्ख आठवे. नवं मात्र काही मिनिटांत निसटून जाई.

"अय्यो, कोण ग तू? बैस की," त्या दर वेळी नव्याने म्हणत.

"असं कसं होतं हो, मॅडम?" सहानाने एकदा विचारलं.

"नवी गोष्ट मनात क्षणभरच टिकते," अदिती म्हणाली. "घोकली तर मुरते. मध्येच दुसरं काही आलं, की पुसली जाते. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. यांच्या मनात आता काही मुरतच नाही."

हे तिला पुस्तकातून जितकं कळलं होतं, त्याहून जास्त एका सकाळीत कळलं होतं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अदिती तळमजल्यावर भाड्याने राहायची. घरमालकीण तुंगाकाकू गच्चीवर सांडगे घालायला गेल्या, वाऱ्याने दार आपटलं आणि जिन्याच्या बाजूची कडी पडली. मागच्या अंगणात अदिती कपडे वाळत घालत होती. वरून हाक आली, "अदिती, दार लागलं बघ. जरा उघड की."

"आलेच हं, काकू!"

ती पहिल्या पायरीवर होती, तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यात एक पेशंट बिथरला होता. बोलणं संपलं तेव्हा ती हेल्मेट शोधत होती. दार, कडी, काकू... मनात काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती परतली, तर फाटकाशी गर्दी. काकू गच्चीवर उन्हाने गेल्या, लोक म्हणाले. घरात तेव्हा कुणी नसणार, असं काकूंच्या मुलाने, पद्मनाभने, गृहीत धरलं. अदितीने ते तसंच राहू दिलं.

आणि मग एका मंगळवारी सहाना दोरा आणायला गेली असताना अदितीने हे सगळं कुसुमबाईंना सांगून टाकलं. त्या विसरणारच होत्या, म्हणून तर सांगितलं.

कुसुमबाईंनी तिचा हात धरला. "पाप..." त्या हळहळल्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ नुसता 'बिचारी' असा होतो, हे अदितीला माहीत होतं. तरी तिच्या कानांनी ऐकला तो मराठी शब्दच.

थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "कोण ग तू?"

अदितीला इतकं हलकं वाटलं, की पुढच्या मंगळवारी तिने पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्याही. त्याच शब्दांत. आपण त्यांच्याकडून घोकून घेतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि एके दिवशी ती खोलीत शिरली, तेव्हा कुसुमबाईंनी 'कोण ग तू' विचारलं नाही. खोलीत तापलेल्या लादीवर पाणी पडल्यासारखा वास होता.

"आलीस?" त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता, घोटभर पाण्यासाठी आसुसलेला. "फार वेळ लावलास..."

"कुसुमबाई?"

"गाडी काढलीस तेव्हा फाटकातून वर बघितलंस की. मी हात केला, ये म्हणून..." त्या थांबल्या. "तूही हात केलास. हसलीस. आणि गेलीस."

हे अदितीने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते आठवत नव्हतं. पण ऐकलं मात्र, आणि तो हात तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. वर, भगभगीत उजेडात, सावकाश हलणारा. काकू निरोप देताहेत असं वाटून तिने खरंच हात केला होता...

बाहेर मशीन थांबलं. "अत्तेंजवळ आणखी कोण आहे?" सहानाने सासूच्या खोलीकडे बघत विचारलं. "हा आवाज कुणाचा?"

अदिती तिथून तडक घरी परतून पद्मनाभकडे गेली. काही न लपवता तिने सांगितलं. पद्मनाभने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वर्षभर मी स्वतःला विचारतोय," तो म्हणाला, "की आईने कुणाला हाक कशी मारली नाही."

"मारली होती."

"तेव्हाच सांगायचं होतंत, अदिती. निदान एवढं तरी."

घर सोडते, एवढंच ती म्हणाली. तो नको म्हणाला नाही. मग काहीतरी आठवून त्याने विचारलं, "आईने हात केला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"फाटकात."

तो उठला. दोघं अंगण ओलांडून फाटकाशी आली. अदितीने मान वर केली. पहिल्या मजल्यावरून पुढे आलेला रुंद पत्रा, त्याच्या कडेला अडकलेली वाळकी पानं, आणि थेट आभाळ. गच्ची नाही, कठडाही नाही.

"हा पत्रा तुम्ही राहायला यायच्या आधीचा आहे," पद्मनाभ हळू आवाजात म्हणाला. "इथून गच्ची दिसतच नाही."

"पण मी बघितलं... अगदी स्पष्ट..."

पद्मनाभने पुन्हा एकदा पत्र्याकडे मान वर केली.

"मग तुम्ही हात कुणाला केलात?"