बुधवारचे तेवीस मिलिमीटर

"माझ्या बापाने बोर्ड लावला होता," टेगन व्हिकर्स दारातूनच म्हणाली. "आणि येत्या शुक्रवारी ते त्याला खुनी ठरवणार आहेत."

मर्ना ट्रेलोरने तिच्यापुढे खुर्ची सरकवली. सव्वीस वर्षं पोलिसांच्या जनावरचोरी पथकात काढल्यावर मर्ना आता बिंडाऱ्यात, घराच्या मागच्या व्हरांड्यात बसून खासगी तपास करायची. तिची गाडी चालवायचा नेव्ह पास्को, निवृत्त टपालवाला. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालणारं.

नेव्ह आत्ता ओल्या हातांनी अंगणातून आला. दोघं शनिवार-रविवार बाहेरगावी होती. परतल्यावर चहाआधी त्याने अंगणातली पाऊस मोजायची नळी गाठली होती.

"दोन दिवसांचे मिळून अकरा मिलिमीटर," तो भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहीत कुरकुरला. "शनिवारचे किती नि रविवारचे किती, आता देवाला ठाऊक."

"नेव्ह, बस आणि ऐक," मर्ना म्हणाली.

बिंडारा कौन्सिलच्या हद्दीत ही बातमी कुणाला ठाऊक नव्हती? नर्स ब्रॉन्विन गेल्या बुधवारी सकाळी टॅलो नावाच्या ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्या आयव्ही ऑडलीच्या पायाची जखम बांधायला निघाली. ओढ्याला पूर होता. ओढ्यातल्या फरशी-पुलावरून गाडी वाहून गेली आणि ब्रॉन्विन मेली. रस्त्याच्या तोंडाशी 'रस्ता बंद'चा बोर्ड नव्हता. तो कुंपणाच्या आत, पाय मिटून, खांबाला टेकवलेला सापडला. कौन्सिलने दुसऱ्याच दिवशी रस्ता-कामगार अर्नी व्हिकर्सला घरी बसवलं. म्हणे आळशी माणसाने बोर्ड ट्रकमधून उतरवला आणि तसाच टाकून निघून गेला. एकतीस वर्षं ज्याने यांचे रस्ते सपाट केले, त्याचा निकाल लावायला यांना एक दिवस पुरला.

"बाबा म्हणतात, मंगळवारी चारला बोर्ड उभा केला. चारही पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. सहाला पाऊस लागला, तो पहाटे तीनपर्यंत," टेगन म्हणाली. "तेव्हापासून माणूस जेवत नाही. रात्रंदिवस एकच म्हणतोय, 'मी लावला होता ना गं?' आता त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झालीय."

तिने शुक्रवारच्या सुनावणीच्या नोटिशीचा लिफाफा टेबलावर आपटला. सोबत हवालदाराने बुधवारी अकराला, रस्त्यात पाऊल टाकण्याआधी काढलेला फोटो होता. दुपारी दोनला पावसाची सर येऊन सगळे माग धुऊन गेले. उरला होता तो एवढा एक फोटो.

मर्नाने भिंग घेतलं. कडेची माती पावसाच्या थेंबांनी खडबडीत झाली होती. मात्र पावाएवढे चार तुकडे गुळगुळीत होते. रस्त्यावर पिकअपच्या चाकांचे ठसे आतून डांबरी रस्त्यापर्यंत आले होते आणि वळून परत आत गेले होते. त्यांच्यावरून ट्रकची जोडचाकं. त्यावर नर्सच्या छोट्या गाडीची अरुंद चाकं, फक्त आत जाणारी. सगळ्यांत वर पुन्हा पिकअप, या वेळी बाहेर पडलेली. आणि नर्सच्या ठशांशेजारी बुटांचे दोन खोल उमटलेले माग.

"चिखलच चिखल," नेव्ह म्हणाला.

"कौन्सिललाही तेवढंच दिसलं," मर्ना म्हणाली. तिच्या कपाळाची शीर उडत होती. "टेगन, घरी जा आणि बापाला सांग, बोर्ड त्यानेच लावला होता. मर्नाने सांगितलंय म्हणावं."

*

कौन्सिलचा इंजिनियर स्टॉट दीड वर्षापूर्वी शहरातून आलेला. त्याने घड्याळाकडे बघत बघतच त्यांना बसवलं.

"निष्काळजीपणाची उघड केस आहे, बाई."

"बोर्डाऐवजी रस्त्याच्या तोंडाशी कुलपाचं फाटक असतं तर?"

"असल्या चैनीसाठी तरतूद नाही."

"अर्नीने तीन वेळा लेखी मागितलं होतं."

"तो बरंच काही मागतो."

"मंगळवारी तुमच्याकडे पाऊस किती झाला?"

"मला काय ठाऊक? फोनवर ढगाचं चित्र होतं." स्टॉट हसला. "आणि ओढ्याकडच्या त्या टॅलो रस्त्यावर मी कधी गेलेलो नाही. माझी गाडी डांबराखाली उतरत नाही."

बाहेर येताच नेव्ह फुटला. "ज्या रस्त्याचा इंजिनियर, तो रस्ताच पाहिला नाही! हाच गुन्हेगार!"

"तो नालायक आहे," मर्ना म्हणाली. "दोन्हींत फरक असतो, दुर्दैवाने."

*

ट्रकवाला विक जनावरांच्या बाजारात चाकं धूत होता. बुधवारी पहाटे सहाला लॉयड बेनब्रिजच्या मेंढ्या न्यायला तो टॅलो रस्त्यावर शिरला होता.

"बोर्ड असता तर मी आत गेलो असतो का, मर्ना? बंद रस्त्यावर जड गाडी घातली की चाकामागे दंड. माझ्या ट्रकला चाकं किती, मोज की जरा!"

"मेंढ्या कुणी भरून दिल्या?"

"कुणी नाही. ट्रकवर चढवायच्या रॅम्पजवळच्या आवारात तयार होत्या. मी न् माझा कुत्रा. पावणेसातला परत डांबरावर. लॉयड थेट बाजारातच भेटला, अकराला. कौन्सिलची मीटिंग होती ना, तो आदल्या दिवसापासून गावातच होता म्हणाला."

"परतताना बोर्ड?"

"नव्हता." विकने पाण्याचा पाइप खाली टाकला. "त्या बाईने माझ्या आईचंही औषधपाणी केलंय. मी बोर्ड काढला असं म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण."

"म्हणत नाही," मर्ना म्हणाली. "तू पोचण्याआधीच कुणीतरी काढला होता."

*

ओढ्याचं पाणी आता घोट्याएवढं होतं. फरशी ओलांडून दोघं आयव्ही ऑडलीकडे गेली. चौऱ्याऐंशीची आयव्ही वॉकर धरून दारात उभी होती. पायाला तीच, ब्रॉन्विनने बांधलेली जुनी पट्टी.

"सोडायला दिली नाही मी कुणाला," ती म्हणाली. "मर्ना, मी हॉर्न ऐकला गं. सव्वाआठपासून. थांबून थांबून वाजत होता. मला वाटलं, लॉयडकडचं कुणी मेंढ्या हाकतंय. साडेनऊला बंद झाला. दहाला मी फोन केला. पावणेदोन तास मी इथे बसून राहिले."

नेव्हने नाक शिंकरलं. गाडी खालच्या अंगाला एका झाडाला अडकली होती, मग पाणी चढलं आणि तिला उलटवलं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"अलीकडच्या अंगाला, बोर्ड आणि ओढा यांच्यामध्ये, घरं किती?" मर्नाने विचारलं.

"एक. लॉयडचं."

"पाऊस किती झाला तुमच्याकडे?"

"बुधवारी एकोणीस, गुरुवारी सहा." आयव्हीने न बघता सांगितलं.

*

लॉयड बेनब्रिज कौन्सिलर होता. सात हजार एकरांचा मालक, बोलायला गोड. त्याने चहा केला, बिस्किटं काढली.

"वाईट झालं फार. अर्नी माणूस चांगला, पण वय झालं त्याचं. मी मंगळवारी दुपारीच मीटिंगला गेलो. रात्री गावातल्या माझ्या खोलीवर झोपलो, तिथूनच बाजारात. बुधवारी संध्याकाळी सहाला घरी आलो तेव्हा हे कळलं."

"घरी कोण होतं?"

"चिटपाखरू नाही. बायको महिनाभर लेकीकडे आहे. गडी मी ठेवतच नाही."

फ्रिजशेजारी खिळ्याला पावसाच्या आकड्यांची एक जाड वही लटकत होती. मर्नाने कौतुकाने हात लावला. "आजोबांची?"

लॉयड खुलला. "एकोणीसशे अकरापासून. रोज सकाळी नऊला नळी वाचायची, आकडा लिहायचा, नळी रिकामी करायची. एक दिवस चुकलेला नाही. घरी कुणीच नसलं तर आल्यावर एकत्र लिहायचं, कंस करून. खोटा आकडा या वहीत गेलेला नाही."

नेव्ह पुढे वाकून वाचू लागला. "बुधवार तेवीस, गुरुवार चार. बरा झाला की पाऊस."

"बरा झाला," लॉयड म्हणाला.

मर्ना गाडीत जाऊन बसली. मग तिने डॅशबोर्डवर एवढ्या जोरात मूठ आपटली की नेव्हची टोपी पडली.

*

अपघाताला आठवडा झाला त्या बुधवारी दुपारी चारला टॅलो ओढ्याच्या सभागृहात रहिवाशांची महिन्याची बैठक होती. प्रत्येकाने घरून एकेक ताट आणलं होतं. केक आणि सँडविचांवर जाळ्या झाकल्या होत्या. अर्नी मागच्या रांगेत लेकीशेजारी मान खाली घालून बसला होता. त्या दोघांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी रिकाम्या ठेवल्या होत्या. ज्यांच्या दारापर्यंतचा रस्ता त्याने केला, तेच हे लोक. स्टॉटला आणि हवालदारालाही मर्नाने निरोप धाडून बोलावून घेतलं होतं.

इथली बैठक आधी पावसाने सुरू होते. नाव पुकारलं की प्रत्येक घर आपला आकडा वाचतं, या वेळी पुराच्या दोन दिवसांचा.

"आयव्ही?"

"बुधवार एकोणीस, गुरुवार सहा."

विक म्हणाला, "मी दोन दिवस ट्रकवर. मिळून पंचवीस."

"लॉयड?"

लॉयडने वही उघडली. खणखणीत आवाजात म्हणाला, "बुधवार तेवीस, गुरुवार चार."

"परत वाच," मर्ना उभी राहिली.

"तेवीस आणि चार. का?"

"तू बुधवारी घरी कितीला आलास?"

"सहाला. सांगितलंय तुला."

"दुपारी दोनला सर आली. तिने माग धुतले, हवालदार अजून हळहळतोय. म्हणजे सहाला तुझ्या नळीत रात्रीचा आणि दुपारचा पाऊस एकत्र हवा. सत्तावीस. त्यातले तेवीस कुठले नि चार कुठले, हे सांगायला नळी बोलते का?"

पावसाची वही न लिहिणारा माणूस त्या खोलीत फक्त एक होता. स्टॉट म्हणाला, "मला समजलं नाही."

"तुम्हाला समजणारच नाही," मर्ना म्हणाली. "बाकी सगळ्यांना समजलंय. बुधवारी नऊला लॉयडच्या घरी कुणीतरी नळी वाचून रिकामी केली. आणि घरी तर चिटपाखरू नव्हतं."

"मी आयव्हीला विचारून लिहिला," लॉयड घाईने म्हणाला.

"माझ्याकडे एकोणीस होता, लॉयड," आयव्ही म्हणाली. "आणि मला कुणी काही विचारलेलं नाही."

मर्नाने फोटो टेबलावर ठेवला. "हा पुरावा कौन्सिलनेच अर्नीला पाठवला, स्वतः न बघता. हे चार गुळगुळीत तुकडे पाहा. वाळूच्या पिशव्यांखालची माती. भोवती थेंबांचे खड्डे, पिशव्यांखाली एकही नाही. रात्रभराचा पाऊस बोर्डाने उभ्याने झेलला. बोर्ड निघाला तो पाऊस थांबल्यावर."

अर्नीने मान वर केली.

"तो काढणारी पिकअप आतून आली आणि वळून आतच गेली. तिच्या ठशांवर विकची चाकं आहेत, म्हणजे विकच्या आधी. ओढ्याला पूर, पलीकडून कुणी येणं शक्य नाही. अलीकडे घर एकच. लॉयड, तू मंगळवारी मीटिंग संपल्यावर बोर्डाला वळसा घालून घरी आलास. बुधवारचा बाजार चुकवायचा नव्हता. बोर्ड दिसला तर विक परत फिरणार. म्हणून पहाटे तो उचलून कुंपणाआड ठेवलास. कौन्सिलर! हे नियम तुम्हीच पास करता ना?"

"मी परत लावणारच होतो!" लॉयड ओरडला, आणि ओरडल्यावर काय बोललो ते त्याला कळलं.

"कधी? पावणेसातला ट्रक गेला, तेव्हा का नाही?"

लॉयडने वही मिटली. मग हळूच म्हणाला, "नऊची नळी व्हायची होती. नंतर बाजाराला निघायचंच होतं. एवढ्यासाठी दोन खेपा कशाला, म्हटलं. त्या रस्त्याला नऊच्या आत कोण येतं?"

"ब्रॉन्विन आली. आठला. तू सव्वानऊला बाहेर पडलास. गाडीतून उतरलास. तिच्या चाकांशेजारी उभा राहिलास. तुझे बूट फोटोत आहेत. आत गेलेले ठसे, बाहेर आलेले नाहीत. पुढे ओढा. कुणाची गाडी आहे ते तुला कळलं होतं. तिथून तू मागे वळलास का? कुणाला फोन केलास का? नाही. बोर्ड तसाच कुंपणाआड ठेवलास, म्हणजे बालंट अर्नीवर येईल. आणि बाजार गाठलास."

नेव्ह, ज्याने आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती, त्याने एक दिली. पुरेशी मोठ्याने.

स्टॉट उठून घसा साफ करत म्हणाला, "अर्नी, कौन्सिलच्या वतीने मी..."

"कुलपाचं फाटक," अर्नी म्हणाला. आठवड्यानंतर त्याचा आवाज लोकांनी ऐकला. "शुक्रवारच्या आत. तुझी माफी तुझ्याजवळच ठेव."

दारातला हवालदार पुढे आला. लॉयडने वही छातीशी धरली होती. "मला वाटलं, तोवर संपलं असेल," तो आयव्हीकडे बघत पुटपुटला. "मी जाऊन काही उपयोग नव्हता."

आयव्ही वॉकर टेकत त्याच्यापुढे आली. तिने त्याच्या हातातून वही घेतली, बुधवारचं पान काढलं आणि त्या तेवीसवर बोट ठेवलं.

"नळी नऊला वाचलीस ना? नेहमीसारखी?"

"नऊला."

"ती साडेनऊपर्यंत हॉर्न वाजवत होती, लॉयड."