उरलेलं लिंबू

नव्या गाडीची पूजा होती, एवढंच. पंकजाच्या नवऱ्यानं, कल्याणरामानं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि ती इवलीशी मोटार त्यांवरून पुढे सरकली.

"ही काय, डबीच की!" शेजारची शिवकामी म्हणाली. "पण चावी फिरवली की चालू, हं!"

शेडमध्ये मामंजींची जुनी मोटार उभी होती. काळी, लांबलचक, पायरीवाली. हँडल मारताना खांदा निखळायचा. मामंजी वारल्यावर तिचं इंजिन काढून शेतातल्या पंपाला जोडलं होतं. तरी आठ महिन्यांची भुवना झोपायची ती तिच्याच मागच्या सीटवर. नव्या गाडीत ठेवली की किंचाळायची. आईला जमत नाही ते एका बिनइंजिनाच्या मोटारीला जमतं, हे पंकजानं कुणाला सांगितलं नव्हतं.

एक लिंबू उरलं होतं. जुनीला वाईट वाटू नये म्हणून पंकजानं ते हळूच तिच्या चाकाखाली सरकवलं आणि स्वतःलाच हसली. म्हणे बी.ए. झालेली!

स्वामीमलैच्या देवळाला निघता निघता सासूबाई थबकल्या. "ते लिंबू कुणी ठेवलं?"

"मीच, अम्मा. सहज..."

"अगं, लिंबू ठेवलं की गाडीनं निघायचं असतं. काढ ते आधी."

"काढते."

नवी गाडी मायलेकांना घेऊन गेली. भुवनानं भोकाड पसरलं, आणि लिंबू राहून गेलं.

दिवेलागणीला पोर एकदाची जुन्या सीटवर झोपली. दोन्हीकडे उशा, पायांत चांदीचे वाळे. मांजर शिरू नये म्हणून पंकजानं शेडला बाहेरून कडी घातली आणि दूध उतरवायला आत गेली.

तोच भोंगा वाजला. रबरी फुग्याचा, दोनदा. फाटकातून बाहेर पडताना मामंजी वाजवायचे, तसा.

ती धावली. कडी जशीच्या तशी. आत मिट्ट काळोख, शिळ्या पेट्रोलचा वास. तिनं हात पुढे केला. एक पाऊल, दुसरं, तिसरं... हाताला काहीच लागेना.

कंदील पेटेपर्यंत किती काड्या विझल्या, तिला कळलं नाही. परतली तेव्हा गाडी जागेवर होती. भुवना गाढ झोपेत. पंकजानं तिला उराशी घट्ट धरलं, आणि तेवढ्यात नवी गाडी फाटकातून आत आली.

"येताना सगळा रस्ता एक जुनं धूड पुढे!" कल्याणराम वैतागून म्हणाला. "नवी गाडी, पण मागे टाकता येईना. आणि गंमत म्हणजे... इंजिनाचा आवाजच नाही गं."

"चालवत... कोण होतं?"

"दिसलं नाही. मागच्या काचेतून एक तान्हं पोर हसत होतं."

सासूबाईंनी मूठ उघडली. "वळणावर त्या गाडीतून हे पडलं."

चांदीचा वाळा. पंकजानं भुवनाचे पाय चाचपले. एक उघडा होता.

"लिंबू... काढलंस ना?"

पंकजानं कंदील खाली धरला. लिंबू चिरडलं होतं, रस अजून ओला होता. आणि पुढच्या चाकाखाली दुसरं लिंबू होतं. अख्खं, कुंकू लावलेलं.