कलम अकरा

लिफ्टचं दार मिटता मिटता मी ओरडले, "धरा, धरा, दार धरा!"

"दार धरलं," आतून शांत आवाज आला.

मी धापा टाकत आत शिरले. काखेत लॅपटॉप, हातात पाण्याची बाटली, गळ्यात उलटं झालेलं ओळखपत्र. ते सरळ करत म्हटलं, "तिसरा मजला."

"तिसरा मजला," म्हणत त्यानं बटण दाबलं.

"आधीच उशीर झालाय हो!"

"उशीर झालाय," त्यानं मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिसायला बरा होता, अगदी खरं सांगायचं तर बरा म्हणजे चांगलाच होता... म्हणून काय अनोळखी मुलीची नक्कल करायची? तिसऱ्या मजल्यापर्यंत मी लिफ्टच्या छताकडे बघत राहिले. आणि तीनशे चार नंबरच्या खोलीत, माझ्या अभ्यासगटाच्या टेबलावर, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन कोण बसलं? तोच!

आमच्या बिझनेस स्कूलमध्ये गट मुद्दाम बेमेळ करायचे. एका धंद्यातली दोन माणसं एका टेबलावर नकोत, असा हट्टच. त्यामुळे आमच्यात लहान मुलांचे एक डॉक्टर होते, स्वतःचं हॉस्पिटल काढायच्या तयारीतले. दोन मुलं नवऱ्यावर सोपवून शिकायला आलेल्या एक वकीलबाई होत्या. मी होते, बाबांचा छत्र्यांचा कारखाना सांभाळणारी. आणि हा, मालवाहू जहाजावरचा इंजिनियर. तासाभरात सगळ्यांचं बारसं उरकलं. तो बोटवाला झाला, मी छत्री.

पहिलं काम होतं गटाचे नियम लिहून सह्या करायचं. वकीलबाईंच्या हातात पेन पडल्यावर काय, बघता बघता दहा कलमं झाली. दहावं असं, की कुणाबद्दल पाठीमागे बोलायचं नाही, असेल ते टेबलावर.

"अजून कुणाला काही?" त्यांनी विचारलं.

लिफ्टमधला राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर होताच. शिवाय गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीचा गट एका जोडीच्या भांडणापायी फुटला होता. मी ठसक्यात म्हटलं, "अकरावं लिहा. गटात प्रेमबिम चालणार नाही. कामाचा विचका होतो."

डॉक्टर खोकले. बोटवाल्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "गटात प्रेमबिम चालणार नाही," तो म्हणाला आणि त्यानं सही ठोकली.

पुढचे दहा दिवस तेच. मी म्हणायचे, अभ्यासातल्या कंपनीनं किंमत आत्ता वाढवू नये. तो म्हणायचा, "किंमत आत्ता वाढवायची नाही." शेवटी मी पेन आपटलं. "पोपट पाळलाय का आम्ही?"

तो गडबडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी... सवय आहे. जहाजावर इंजिनचा एवढा आवाज असतो, की सांगितलेलं परत म्हणून दाखवलं नाही तर ते ऐकलं असं धरतच नाहीत. म्हणजे... मी ऐकतोय, एवढंच सांगत असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर माझं बोलणं इतकं नीट ऐकलं होतं कुणी? घरी तर मी वाक्य सुरू केलं की आई ते तिच्या मनासारखं संपवून टाकते.

मग सगळंच बिघडलं. म्हणजे सुधारलं... मलाच कळेना! त्यानं माझं वाक्य परत म्हटलं की ते अजून एकदा ऐकावंसं वाटायचं. मी मुद्दाम लांबलचक बोलायला लागले. एकदा कॅन्टीनच्या दारात पावसानं अडवलं आणि नेमकी माझ्याकडे छत्री नव्हती.

"छत्रीकडे छत्री नाही?" तो हसला.

"सगळ्या विकल्या जातात आमच्या."

त्याची फाईल आम्ही दोघांनी डोक्यावर धरली. अर्ध्या वाटेत त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि त्यानं हात चटका बसल्यासारखा काढून घेतला. अख्खी फाईल माझ्या हातात देऊन तो भिजत पुढे निघून गेला.

याचा अर्थ काय लावायचा? दुसऱ्या दिवशी तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. पण माझ्या आवडीचा बिनसाखरेचा चहा मात्र माझ्यासमोर ठेवलेला! मी फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, एक तर त्याला तू आवडत नाहीस, नाहीतर फार आवडतेस." धन्य ती माउली. एवढं तर मलाही कळत होतं.

सत्र संपता संपता ऑफिसमधून फॉर्म आले. पुढच्या सत्रात गटातला कोण सोबती नको, त्याचं एक नाव लिहायचं. तसा गट बदलून मिळणार होता. फॉर्म खरं तर गुप्त होते, पण आमचं कलम दहा होतं ना! वकीलबाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाचायचे."

डॉक्टरांचा कोरा. वकीलबाईंचा कोरा. माझा कोरा.

बोटवाल्यानं कागद सरळ केला. घसा खाकरला. वर न बघता वाचलं, "छत्री."

माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं पोहायला लागली. "ठीक आहे," एवढंच कसंबसं म्हणून मी बॅग उचलली आणि लिफ्टकडे धावले. म्हणजे चहा नुसता चहाच होता. मी मूर्ख, त्यात साखर शोधत बसले होते.

दार मिटत आलं होतं, तेवढ्यात आवाज आला. "दार धर!"

माझा हात आपोआप बटणावर गेला. तोंडातून निघालंच, "दार धरलं."

तो आत आला. धापा टाकत होता, या वेळी तो. "कलम अकरा," तो म्हणाला.

"काय?"

"गटात प्रेमबिम चालणार नाही. तूच लिहायला लावलंस. मी सही केलीय." त्यानं श्वास घेतला. "गटात नाही चालणार. पण गट वेगळा झाला तर...?"

मी बघतच राहिले. माझंच कलम, माझ्याच रागाचं, आणि हा शहाणा चार महिने ते पाळत बसला होता!

"अरे, मग एकदा विचारायचं तरी!"

"सही केली होती ना..." कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "मला तू आवडतेस. लिफ्टमध्ये ओरडलीस तेव्हापासून."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, मिटलं. आम्ही तिथेच.

"काहीतरी बोल ना," तो कासावीस होऊन म्हणाला. "ऐकलंस की नाही, कसं कळणार मला?"

"तुला मी आवडते," मी परत म्हणून दाखवलं. "लिफ्टमध्ये ओरडले तेव्हापासून. आता माझं ऐक. मलाही तू आवडतोस."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. साऱ्या जगाची वाक्यं परत म्हणणाऱ्या त्या माणसाला माझं एवढंसं वाक्य काही म्हणता येईना.

"पुन्हा..." शेवटी तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांग ना."